शेपटी

माहीमच्या शाळेत, रविवारी, बालवाडीच्या बाकांवर
आम्ही आमची कॉमिक्स मांडून बसलो होतो.
बाक गुडघ्याएवढे, त्यामुळे गिऱ्हाईक
आपोआप वाकायचं, पाया पडल्यासारखं,
आणि बहुतेक वेळा तसंच सरळ होऊन पुढे जायचं.

डावीकडे विरारचा निशाद. त्याच्या सुपरहिरोला
भाड्याने घर मिळत नाही, कारण तो बांगडे खातो.
उजवीकडे एक मुलगी मांजरांचे स्टिकर विकत होती,
तिचा गल्ला अकरा वाजताच
आम्हा सगळ्यांच्या पुढे गेला होता.
माझ्या चाळीस प्रती. बोराबाजारात झेरॉक्स,
मधे दोन पिना, दुसरी जरा वाकडी.
दुपारपर्यंत दोन खपल्या.
त्यातली एक निशादने घेतली, मी त्याची घेतली म्हणून.

तेव्हा रघुवीर केणी आले.
समोरच्या केमिस्टकडे आले होते,
आत पंखे फिरताना दिसले म्हणून वळले.
वाकले नाहीत. सरळ बाकावरच बसले,
गुडघे छातीशी, औषधांची पिशवी मांडीवर.
चित्रं पाहिलीच नाहीत.
नुसते फुग्यांवरून बोट फिरवत गेले,
नाडी बघावी तसे.

"फुगे मी भरायचो. एकतीस वर्षं, खेतवाडीत.
चित्रं यायची कुठून कुठून,
फुगे आधीच काढलेले, इंग्रजीच्या मापाचे.
इंग्रजीचं बरं असतं.
डोक्यावर काही नाही, पायात काही नाही.
आपलं एक 'मूर्ख' लिहून बघ.
खाली उकार, वर रफार.
राक्षस ओरडतोय आणि रफार फुग्याबाहेर!"

हसले. मग बारीक आवाजात,
"जागा पुरली नाही की शब्द कापायचा.
एक राणी होती, नवरा लढाईला निघालेला.
'थांबा, मला काही सांगायचं आहे,'
असं होतं कागदावर.
मी 'थांबा' एवढंच बसवलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
पुढच्या चौकटीत तो गेलाच."

बोट थांबलं ते पान सातवर.
"ही शेपटी चुकली तुझी."

गोष्ट आईच्या दाढेची आहे.
पान सातवर बाबा म्हणतात,
राहू दे, पुढच्या महिन्यात बघू.
बाबा दाराशी, एक चप्पल पायात, एक शोधताना.
आई ओट्यापाशी, पाठमोरी.
फुगा दोघांच्या मधे, रात्री दीड वाजता काढलेला.
"बोलतंय कोण, ते शेपटी ठरवते. तोंड नाही.
ही बघ, बाईकडे वळलीय."

मी म्हटलं, हात हलला असेल.
ते म्हणाले, असेल.

पण बाबा विचारायचे.
दर पगाराला, असेच दारातून, चप्पल शोधता शोधता,
दाढेचं काय करायचं?
राहू दे, हे तिचं वाक्य.
दहा वर्षं मी ते त्यांच्या तोंडी घालत आलेय,
मावशीकडे, मैत्रिणींत, एकदा तर त्यांच्याच समोर,
आणि तेही गप्प बसले होते.
कागदावरही तेच करायला बसले
आणि हात मधल्यामधे खरं बोलून गेला.

किंमत पन्नास. केणींनी चाळीस दिले.
"दहा शेपटीचे कापले."
दारापर्यंत जाऊन परत आले,
पिशवी बाकावर राहिली होती.

काल दुसरी आवृत्ती काढली,
म्हणजे आणखी वीस प्रती.
शेपटी आहे तशीच ठेवलीय.
फक्त तो फुगा वरून थोडा वाढवला,
रफारासाठी.
किंवा आईला पुढे काही म्हणायचं असलं तर.