चार बोटं

सुप्याच्या पुढं, डांबर संपतं तिथून डावीकडं
आमचं पाऊण एकर मुरमाड.
बाजरीनं दोनदा तोंड फिरवलं,
हुलग्यानं राखली तेवढीच लाज.
यंदा मी तिथं गवत लावलं.

दीर पारावर बसून हसले.
"वहिनी, गवत काय लावायचं असतं?
ते येतं आपोआप, पाव्हण्यासारखं."

आपोआप येते ती कुसळी, भाऊजी.
मेंढीच्या लोकरीत शिरते, शेळीच्या जिभेला टोचते,
लुगड्याच्या काठात घर करून बसते.
हे मारवेल.
पेरापेराला पांढरी लव,
कालच्या वासराच्या कानाला असते तशी.
बहिणीच्या बांधावरून दोन पोती ठोंबं आणली
ओल्या गोणपाटात, एसटीतून.
कंडक्टर म्हणाला, गवताचं अर्धं तिकीट पडेल.

लावताना हातच वळेना.
चाळीस वर्षं ह्याच खुरप्यानं उपटलं
ज्वारीतून, कांद्यातून, दुसऱ्याच्या उसातून, रोजानं.
आता त्याचंच टोक मातीत खुपसायचं,
मुळी सरळ सोडायची,
अंगठ्यानं दाबायचं.

पंधरवड्यानं सोनाक्का खुरपायला आली.
मी भाकरी घेऊन पोचेतो तीन ओळी साफ.
ठोंबं बांधावर उताणी,
आणि ही पदरानं घाम पुसत म्हणते,
"किती माजलं होतं गं!"
हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठ चोळली.
मग दोघींनी मिळून परत लावलं.
मजुरी दोनदा दिली,
एकदा काढल्याची, एकदा लावल्याची.
दुसरी तिनं घेतली नाही. अर्धी घेतली.

फुलोरा निम्म्यावर आला, जांभळट,
तेव्हा पोरगा विळा घेऊन पार बुडाशी वाकला.
थांब, म्हटलं. चार बोटं ठेव.
"कुणाची, तुझी का माझी?"
माझी. तुझी अजून बारीक आहेत.

मार्गशीर्षात माळाच्या अंगाची ओळ
कुणीतरी चाखलेली.
शेळीसारखी ओरबाडून नाही,
शेंडे तेवढे, निवडून.
मातीत बोटभर खूर,
आणि लेंड्या सगळ्या एकाच जागी,
शहाण्या माणसानं ढीग घालावा तशा.
"चिंकारा," दीर म्हणाले, "तार मारून घ्या."
तारेचा भाव विचारला. मग ढीग पाटीत भरून
गवतालाच घातला.

ती ओळ आता वैरणीच्या हिशेबात धरत नाही.
पोरगा पेंढ्या मोजतो तेव्हा तिथं पोचला की
आपसूक गप्प होतो.

चैत्रात सगळा माळ राखेचा.
ठोंबांच्या पोटात मात्र बोटभर हिरवं धरलेलं.
रात्री कुत्रं भुंकलं म्हणून बाहेर आले, बॅटरी मारली,
दोन डोळे.
पळालं नाही ते. मान वर करून चघळत राहिलं,
डावीकडून उजवीकडं,
मागं गोठ्यात आमची कपिली चघळत होती, अगदी तसंच.

बॅटरीचा सेल तसाही उतरला होता.
विझवली.