दाराने या

बार्तांगच्या काठाने पहाटे पाचला निघालो.
मीठ घातलेल्या दुधाच्या चहात
कालची रोटी कुस्करून खाल्ली होती तिघांनी:
मी, वाटाड्या आणि त्याचं गाढव.
गाढवाने नुसती रोटी.
आठ वर्षांचं आहे, म्हणाला, आणि हट्टी.

वाटाड्याचं नाव नेककदम.
मी म्हटलं, आमच्याकडे कदम आडनाव असतं,
माझ्या हाताखाली दोन कदम होते मोजणी खात्यात,
एक उशिरा यायचा, दुसरा यायचाच नाही.
तो हसला. त्याला बहुधा
फक्त कदमच कळलं असावं.

आमच्यात सामाईक शब्द साठेक निघाले,
निम्मे तर माझ्या कचेरीतले.
जमीन. दफ्तर. हद्द. दरवाजा.
बत्तीस वर्षं ज्यांवर शिक्के मारले
ते शब्द या बाजूने चालत आले होते,
हे कळलं साडेतीन हजार मीटरवर,
दम लागल्यावर.
दमसुद्धा त्यांचाच.

तारेचा पूल. तीन फळ्या नाहीत.
आहिस्ता, तो म्हणाला, आणि मागे न बघता
हात मागे धरून ठेवला,
पकडलाच पाहिजे असं नाही, अशा बेताने.
मग कड्यात कोरलेला पाट,
दोन वीत रुंद, त्याच्या काठावरून आम्ही,
पाणी उलट्या दिशेने, गावाकडे, घाईत.
एका वळणावर रानबोकडाची शिंगं रचलेली.
त्याने दगडाला बोटं लावली, बोटं ओठांना,
आणि मला मूठभर वाळकी तुती दिली.
गुडघ्याचं विचारलं नाही. वेग मात्र कमी केला.

नऊच्या सुमारास दरी रुंदावली.
करडा गाळ, मोटारीएवढे धोंडे, मध्येच एक जर्दाळू
कमरेपर्यंत पुरलेला, तरी पानं धरलेला.
मी सरळ निघाले, वाट दिसत होती.
नाही, तो म्हणाला. दाराने या.

कुठलं दार?
तो वळसा घालून गेला, थांबला,
बूट काढले, पाऊल उचललं, जसं उंबऱ्यावर उचलतात,
आणि आत गेला.
गाढवाला बाहेरच ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वी वरचं तळं फुटलं,
हे हातांनी सांगितलं. रात्र होती,
हे डोळे मिटून.
पाच खांब इथे, इथे, इथे.
प्रत्येकाजवळ जरा थांबला, सरकला.
चूल. धाकटीचा पाळणा.
वर चार चौकटींचा झरोका होता,
त्यातून बघ, म्हणाला.
बघितलं. होतं तेवढं सगळं जागेवर.

मी सवयीने पावलं टाकली: नऊ बाय सात.
बरोबर, म्हणाला. वडिलांनी नऊच ठेवलं होतं.
कित्येक घरांची नोंद केली आहे मी,
पडक्या, वादातल्या, दोन भावांत चिरलेल्या,
पण कुणी मला कधी
भिंतीच्या आत बसवून पाणी दिलं नव्हतं.
त्याने दिलं. थर्मासच्या झाकणात.

वरच्या कुरणात त्याची बायको, सवसन,
दह्याचे गोळे उन्हात मांडत होती.
माझ्याकडे बघून त्याला काहीतरी म्हणाली,
दोघं हसले, अर्थ कुणी सांगितला नाही.
मग टेकाडावरच्या एका दगडावर ती चढली,
तिथेच फक्त रेंज येते,
आणि मॉस्कोतल्या मुलाशी बोलली,
एकोणिसाव्या मजल्यावर विटा लावतो तो.
जेवलास का, एवढं कळलं मला.
ते कुठल्याही भाषेत कळतं.

खिंडीपर्यंत गेलो नाही. ढग होते,
आणि गुडघा. त्याने पैसे कमी सांगितले,
मी पूर्ण दिले, त्यावर थोडं भांडलो,
साठातले बरेच शब्द तिथे वापरले गेले.

उतरताना सांज. गार वारा गाळावरून.
मी पुढे होते. कुणी सांगितलं नाही,
मी वळसा घातला, बूट हातात घेतले,
पाऊल उचललं, आत गेले, बाहेर पडले.
मागे तोही तसाच.

गाढवाला घरची ओढ लागली होती.
ते सरळ भिंतीतून गेलं,
चुलीवरून, पाळण्यावरून,
आणि त्याला तो
काहीच बोलला नाही.