आधी पाणी

हर्णैच्या बंदरावर लिलाव आटपला
की बोटं डबीकडे जातात.
हे मला ठाऊक नव्हतं. फोनला ठाऊक.

दवाखान्यातल्या पोरीने शिकवून ठेवलाय,
बरोब्बर त्याच वेळेला विचारतो,
'चांगुणा, आत्ता काय हवंय?'
मशेरी, मी म्हणते.
'बरं. आधी पाणी पी, मग बघू.'

पहिल्या आठवड्यात तीनदा खोटं बोलले.
रागावला नाही मेला.
रागावला असता तर सोडलं असतं
त्याला. मशेरीला नव्हे.

काल लाईट नव्हती, फोन बंद पडलेला.
लिलाव आटपला. बोटं उठली,
अर्ध्यात थांबली,
ओली, खवलं चिकटलेली.

पाणी प्याले.
मग पाटीत उरलेली करंदी निवडत बसले,
कुणी विचारतंय का, कान देऊन.