ओतारी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता
भट्टीचं झाकण बोल्टांनी आवळलेलं.
खाली अ‍ॅल्युमिनियमचा रस, वर वाळूचा साचा,
मधे मनगटाएवढी एक नळी.
पंपाचं घर काढायचंय, भिंत चार मिलिमीटर.
वरून ओतलेली नऊ घरं भंगारात गेली,
कापली तर आत पोकळ्या,
बाजरीच्या दाण्याएवढ्या.

काका माझ्या पाठीशी उभे. दौलत ओतारी.
कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे ठिपके,
बेचाळीस वर्षांच्या शिंतोड्यांचे.
पळी भिंतीला टेकवलेली. आज तिला कुणी तापवलीही नाही.
"रस वर चढतो म्हणे," ते रमणभाईंना सांगतात,
"उद्या विश्वामित्री परत पावागढावर जाईल."
रमणभाई पंचाल हसत नाहीत. साचा त्यांनी भरलाय,
नजर वाळूच्या सांध्यावर.
"धीमे, बेन. धीमे."

मी व्हॉल्व्ह उघडते. नायट्रोजन.
सायकलच्या ट्यूबमध्ये असतो
त्याच्या दहाव्या हिश्शाइतका जोर.
बशीतल्या चहावरची साय फाटू नये
अशी फुंकर.
काटा सरकतो, थांबतो, सरकतो,
आणि काहीच दिसत नाही.
ठिणगी नाही, धूर नाही,
"हट, हट, बाजूला!" असं ओरडणारं कुणी नाही.
अंधारात रस वर जातोय
हवेला पुढे घालून,
आणि ती वाळूच्या कणाकणांतून वाट काढत बाहेर.

काका पुढे येतात. साच्याच्या कडेला तळहात धरतात,
टेकवत नाहीत, वीतभर लांब.
"इथवर आलाय," म्हणतात.
मग हात वर. "आता इथे."
मी पॅनेलकडे बघते.
बरोबर तिथेच.

दाब धरून ठेवायचा. सहा मिनिटं.
शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकतंय.
मग सोडते.
नळीत उरलेलं, न गोठलेलं
धप्प करून खाली जातं. तेवढाच आवाज.
काका दचकतात. "काय झालं?"
"जे लागलं नाही ते परत गेलं."
"आपल्यात असं नव्हतं," ते म्हणतात,
"ओतलं की ओतलं."

संध्याकाळी वाळू झटकतो.
काका घराला नखाने टिचकी मारतात, कान लावतात,
पुन्हा मारतात.
बरं की वाईट, बोलत नाहीत.
हजेरीपट्टापाशी मात्र पेन हातात धरून विचारतात,
"ओतलं तर आज कुणीच नाही.
मग आडनाव काय लिहू?"

वरच्याच ओळीत माझं नाव,
आडनावासकट.
शाई अजून ओली,
त्यांच्या अंगठ्याला लागते.