वर्ग सहावा

यंत्राला मी पाच शब्द शिकवले:
पाणी, झाड, शेत, इमारत, पडीक.
पाटोच्या चौथ्या मजल्यावर, चहा निवत असताना,
चौकोनामागून चौकोन नावाला लावले.
एका चौकोनाची बाजू दहा मीटर.
तेवढ्यात एक घर मावतं,
विहीर, वाळत घातलेले बांगडे,
आणि दोन भावांचा दावाही.

नकाशा आला तेव्हा आगरवाड्यात
नदीकाठचे सहाशे चौकोन लाल.
इमारत, म्हणालं यंत्र. चौऱ्याण्णव टक्के खात्रीने.
खात्यातले सावर्डेकर खूष:
"बांधकाम झालंच आहे की. झोन तेवढा
कागदावर बदलायचा राहिलाय."

स्कूटर काढली. शिवोलीचा पूल ओलांडला.

इमारत नव्हती. मीठ होतं.
पुतू आगरवाडेकर फळीने
पाण्याच्या अंगावरून पांढरं ओढत होते.
मी लॅपटॉप उघडला, त्यांनी पडद्यावर हाताची सावली धरली.
"हें तांबडें कितें?"
"तुम्ही. एप्रिलातले."
"आनी श्रावणांत?"
"पाणी."
"आनी पावस सोंपतकच?"
"पडीक."
हसले. फळी थांबवली नाही.
"तीन नांवां दिलीं गो बाये, म्हजें सोडून."

बांधातलं लाकडी दार दाखवलं. त्याला मानस म्हणतात.
भरती किती आत घ्यायची, कोण ठरवतं?
"चंद्र," म्हणाले. थोड्या वेळाने: "आनी हांव."

परतताना वहीच्या पानात चिमूटभर मीठ.
घरी पोचेस्तोवर पान ओलं,
तारीख पुसट.

चूक यंत्राची नव्हती.
त्या रात्री पांढरं दिसलं की
माझंच बोट चारच्या आकड्यावर पडत होतं.
शेवटची बस गाठायची होती मला.

सहावा वर्ग उघडला: मीठ.
पुतूंचे वाफे दाखवले त्याला,
कोरडे, ओले, अर्धे, ढगाखालचे,
लहान मुलाला बोट धरून दाखवावेत तसे.

शुक्रवारी नवा नकाशा.
नदीकाठ बरोबर आलाय.
पण आसगावच्या टेकडीवर,
वर्षातून आठ दिवस उघडणारे पांढरे बंगले,
त्यांच्या गच्च्या, त्यांचे चौकोनी तलाव,
यंत्र म्हणतंय, मीठ.
मीठ. मीठ. सत्त्याण्णव टक्के.

दुरुस्त करायला हवं.
कर्सर त्यावरच ठेवून बसले आहे.
सावर्डेकरांचा फोन वाजतोय.
वाजू दे.
एक भरती येऊन जाईपर्यंत तरी.