निपुण व्यक्ती

दिवाळ्याच्या जेट्टीवर, वाळत्या जाळ्याखाली बसून
मी मामाला अहवाल वाचून दाखवते, मराठीत करत करत :
दावा एक, तळ लागताच वर ओढला जाणारा पंखा,
बिजागरी, दट्ट्या, स्प्रिंग,
एका जुन्या जर्मन आराखड्यात आधीच आहे.
दावा चार, या कलेत निपुण व्यक्तीला
सहज सुचला असता.

पदाजीमामा ग्रीसचे हात पुसतो.
‘निपुन मानूस. कंच्या गावचा?’
कायद्यातला, मामा. मानलेला.
‘बरा. तीस वर्सां
खारीच्या चिखलान कंबरभर उतरून
पंखा मोकला करताना
यो कदी दिसला नाय.’

उत्तराला सहा महिने आहेत.
मी लिहिते : महोदय,
निपुण व्यक्ती निदान पोहता येणारी धरावी.
खोडते.

ओहोटी लागलीय. होडी टेकते,
पंखा खट्‌कन पोटात जातो,
आणि एक निवटी
दचकून बाजूला उडते.