रकाना सातवा

मंगळवारी दहाला ग्रंथालयाची मागची खोली उघडते.
हीटर, तीन संगणक, बिस्किटांची बरणी,
आणि खिडकीबाहेर समुद्र, ज्याच्याकडे आमच्यातलं कुणी
बघत नाही; तो जन्मापासून तिथेच आहे.

गिडियन पूर्वी फेरीबोटीवर दोर बांधायचा.
आता बोटं वळत नाहीत, पण डोळा अजून तयार:
लांब मानेचा जुना एस आणि एफ
धुक्यातल्या दोन बोटींसारखे तो लांबूनच वेगळे सांगतो.
मी शेटलंडच्या उत्तरेला बस चालवायचे, चौतीस वर्षं.
मला माणसं थांब्यावरून ओळखता येतात,
नावावरून अजून शिकतेय.

पगार नाही. नियम एकच, भिंतीवर चिकटवलेला:
दिसेल तसं उतरवा. सुधारू नका.
एकाच बुडालेल्या माणसाचं वय
पानाच्या वर एकोणीस आणि खाली बावीस असेल
तर दोन्ही खरी.

या हिवाळ्यात माझ्या वाट्याला १७८६ आलं,
हॅमर्सवो गावच्या चर्चची वही. कारकून रॅस्मी,
अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून पाखरू चालून गेलेलं.
थंडीत शाईत पाणी घालून पुरवायचा,
म्हणून फेब्रुवारी फिकट.
डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं;
त्याच्या दिव्यात तरी माशाचं होतं.

बहुतेक पानं जन्माची, लग्नाची, पुरल्याची.
मेंढी चोरल्याची तक्रार, रविवारी मासे वाळवल्याचा दंड.
मग मार्चच्या पानावर:
*सिनेवा, ओलाची लेक, हजर. बापाचं नाव विचारलं. सांगत नाही.*
पुढच्या रविवारी: *सांगत नाही.*
त्याच्या पुढच्या: *सगळ्यांसमोर उभी केली. सांगत नाही.*
चौथ्या खेपेला रॅस्मीनं तेवढंही लिहिलं नाही,
नुसत्या दोन रेघा ओढल्या, वरीलप्रमाणे.

त्या दोन रेघांवर मी किती वेळ बसले
कोण जाणे. चहावर साय धरली.

आमच्याकडे तेव्हा आडनाव नव्हतं.
बापाचं नाव हेच माणसाचं शेपूट:
ओलाची लेक, मॅन्सचा लेक.
सिनेवाच्या पोराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा
काय लिहायचं हा प्रश्न पडला असणार,
कारण तिथे शाईचा मोठा डाग आहे,
आणि डागापलीकडे: *आर्थर, सिनेवाचा.*

परवा डनेडिनहून पत्र आलं.
ग्वेनिथ नावाची बाई, वय एकोणनव्वद.
सगळं झाड भरलंय, एकच फांदी मोकळी.
आर्थरचा बाप कोण? जरा लवकर बघाल का.

संगणकाला सातवा रकाना कोरा चालत नाही.
लाल होतो. पुढे जाऊ देत नाही.
गिडियन म्हणाला, टाक की 'अज्ञात', सगळे तेच टाकतात.
मी म्हटलं, अज्ञात कुणाला?
तिला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं.
कदाचित समोरच्या निम्म्या बाकांनाही.
रॅस्मीलाही असेल.
(तोच असेल! एकदम मनात आलं,
आणि पुन्हा पान उघडलं. त्या दिवशी अक्षर हललंय थोडं.
पण त्याचं अक्षर त्या सगळ्या वर्षभर हलतंच.)

नियम भिंतीवर आहेच.
मी टंकलं: सांगत नाही.
रकान्याचा लाल रंग गेला.

ग्वेनिथला काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.
चार रविवार विचारलं तिला, असं लिहीन बहुधा.
चारही मी स्वतः उतरवलेत. चौथ्याला रेघाच होत्या,
त्या रेघाच ठेवल्यात.

तीन वाजले, बाहेर काळोख.
बरणीचं झाकण गिडियनला लागत नाही.
दर वेळी तो आधी प्रयत्न करतो,
मग काही न बोलता माझ्याकडे सरकवतो.